न वापरलेल्या खात्यातले एअरलाइन पॉइंट्स बाद होण्याआधी कसे वाचवायचे

खात्याचं स्टेटमेंट उघडलं की शेवटची ओळ डोळ्यांत भरते. तारीख, पुढे ‘निष्क्रियतेमुळे वजा’ अशा अर्थाचे दोन शब्द, आणि उणे चिन्ह लावलेली सगळीच्या सगळी शिल्लक. तिच्या वरची ओळ दीड-दोन वर्षांपूर्वीची, मुंबई–टोरंटो परतीच्या प्रवासाची. मधे काही नाही. बहुतेक पॉइंट्स असेच जातात: मुलीच्या बाळंतपणाला गेलेले आई-बाबा, दोन-तीन वर्षांतून एकदा पुण्याला येणारं कुटुंब, कंपनीच्या कामाने वर्षभर फिरून नंतर घरूनच काम करणारा इंजिनिअर. प्रवास विरळ, खातं विसरलेलं, आणि सूचनेची मेल जुन्या नोकरीच्या पत्त्यावर गेलेली.

यातल्या बऱ्याच खात्यांना एखादा छोटासा व्यवहार पुरला असता. पण एअरलाइन्सच्या काही पॉइंट्स-योजनांत, म्हणजे कार्यक्रमांत, कितीही व्यवहार करा, उपयोग शून्य. हा फरक न कळल्यामुळे लोक दोन्हीकडून फसतात. जिथे शंभर-दोनशे रुपयांत काम झालं असतं तिथे काहीच करत नाहीत, आणि जिथे काही केल्याने मुदत हलतच नाही तिथे पैसे खर्चून बसतात.

आधी घड्याळ ओळखा

पहिला प्रकार फिरत्या मुदतीचा. शेवटच्या पात्र व्यवहारापासून महिने मोजायचे. नवा व्यवहार झाला की सगळ्या शिल्लकेचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये ही मुदत १८ महिने आहे. क्वांटासमध्ये १८. कॅथे पॅसिफिकच्या एशिया माइल्समध्येही १८, पण ती २०२०पासून मिळवलेल्या माइल्सना (काही कंपन्या पॉइंट्सनाच माइल्स म्हणतात). त्याआधी तिथे दुसऱ्या प्रकारची मुदत होती. अमेरिकन एअरलाइन्सच्या अॅडव्हांटेजमध्ये २४ महिने. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज या दोघांचं चलन एकच, एव्हिऑस, आणि दोन्हीकडे ३६ महिने. एअर इंडियाचा फ्लाइंग रिटर्न्स २०२४मध्ये नव्या रूपात आला, २०२५मध्ये त्याचं नाव महाराजा क्लब झालं. तिथे २४ महिन्यांतून एकदा तरी हालचाल हवी, आणि सगळ्यात निर्धास्त हालचाल म्हणजे एअर इंडियाने केलेला प्रवास.

दुसरा प्रकार ठोक मुदतीचा. इथे प्रत्येक जमा रकमेवर स्वतःची शेवटची तारीख छापलेली असते, दुधाच्या पिशवीवर असते तशी. नवी पिशवी आणली म्हणून जुनीची तारीख पुढे जात नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल्स तीन वर्षं टिकतात आणि त्या महिन्याच्या अखेरीला जातात: एप्रिल २०२४मध्ये जमा झालेले ३० एप्रिल २०२७ला. वेळ सिंगापूरची रात्री ११.५९, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९.२९. जेवून उठून निवांत लॉगिन करणाऱ्याचे माइल्स तोवर गेलेले असतात. एमिरेट्स स्कायवर्ड्समध्येही तीन वर्षं, पण शेवट तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीला. फेब्रुवारी २०२४मध्ये मिळालेले माइल्स आणि वाढदिवस ऑगस्टमधला, तर तारीख ३१ ऑगस्ट २०२७. टर्किश एअरलाइन्स आणि जपानची एएनए यांचीही मुदत तीन वर्षांची आणि ठोकच.

तिसऱ्या प्रकारात घड्याळच नाही. डेल्टाने २०११मध्ये मुदत काढून टाकली, युनायटेडने २०१९मध्ये. जेटब्लू आणि व्हर्जिन अटलांटिक यांचेही पॉइंट्स बाद होत नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ‘आमचे माइल्स कधीच जात नाहीत’ हे म्हणणं त्यांच्यापुरतं खरं असतं. फक्त तेच वाक्य आपल्या खात्याला लावू नये.

मधला एक प्रकारही आहे. लुफ्थांसाच्या माइल्स अँड मोअरमध्ये साध्या सभासदाला ३६ महिन्यांची ठोक मुदत, पण भरपूर प्रवासाने मिळणारा सभासदत्वाचा वरचा दर्जा असेल तर ती लागू होत नाही. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये मूळ मुदत २४ महिन्यांची, आणि ती पुढे ढकलायला पात्र विमानप्रवास हा खात्रीचा मार्ग. अशा ठिकाणी दर्जा गेला त्याच दिवशी नियम बदलतो, आणि बरेच जण नेमके तिथे चुकतात. दर्जा होता म्हणून पाच वर्षं काही पाहिलं नाही, दर्जा उतरला आणि पाठोपाठ जुने माइल्सही गेले.

दर्जा ठरवणारे टियर पॉइंट्स आणि तिकिटासाठी वापरायचे पॉइंट्स हे दोन वेगळे हिशेब आहेत. टियर पॉइंट्स वर्षअखेरीला शून्य झाले म्हणून घाबरून फोन करू नका. ते व्हायचेच असतात.

आपल्या खात्याची खरी तारीख काढणं

अॅपच्या पहिल्या पानावर फक्त शिल्लक दिसते. तारीख शोधायला खात्यातल्या ‘अॅक्टिव्हिटी’ किंवा ‘स्टेटमेंट’ या भागात जावं लागतं, आणि मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर ते लवकर सापडतं. शेवटचे २४ ते ३६ महिने दिसतील असा कालावधी निवडा. मग नियमावली उघडून ‘एक्स्पायरी’ हा शब्द शोधा आणि तीन गोष्टी लिहून घ्या.

१. महिने कुठल्या तारखेपासून मोजतात: प्रवासाच्या की पॉइंट्स जमा झाल्याच्या?
२. कुठला व्यवहार हालचाल म्हणून धरतात: फक्त मिळवणं, की खर्च करणंही?
३. व्यवहार झाल्यावर सगळी शिल्लक वाचते की फक्त नवी जमा?

पहिला प्रश्न किरकोळ वाटतो, पण भागीदार कंपनीच्या विमानाने गेलात तर पॉइंट्स जमा व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. दहा तारखेला मुदत संपते म्हणून आठ तारखेला प्रवास केला आणि पॉइंट्स वीस तारखेला आले, तर ते रिकाम्या खात्यात येतात.

आता एक खातं मांडून पाहू. एरोप्लान, शिल्लक १८,४००, शेवटचा व्यवहार १२ जानेवारी २०२५. अठरा महिने म्हणजे १२ जुलै २०२६. त्यावर फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन आठवणी लावायच्या: १४ मार्च, २८ मे आणि २७ जून. म्हणजे १२०, ४५ आणि १५ दिवस आधी. हे आकडे उगाच नाहीत. शॉपिंग पोर्टलवरून, म्हणजे ऑनलाइन दुकानांकडे नेणाऱ्या एअरलाइनच्या साइटवरून, केलेल्या खरेदीचे पॉइंट्स माल परत करण्याची मुदत उलटल्यावर पक्के होतात, त्याला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून १२०. कार्डाचे पॉइंट्स वळवायला कधी पाच मिनिटं, कधी आठवडाभर लागतो, आणि एखादी मागणी फेटाळली गेली तर दुसरी करायला वेळ हवा, म्हणून ४५. पंधरा दिवस उरल्यावर पॉइंट्स सरळ विकत घेण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. शेवटचा दिवसही आदलाच धरा. कंपनीचं घड्याळ कुठल्या देशाचं आहे याची पैज शेवटच्या रात्री कशाला लावायची?

घरातल्या सगळ्यांची खाती एकाच वहीत किंवा एक्सेलच्या एकाच पानावर असू द्या. रकाने सात पुरेत: कार्यक्रम, सभासद क्रमांक, कुणाचं खातं, नोंदवलेला ईमेल आणि फोन, शिल्लक, शेवटचा व्यवहार, बाद होण्याची तारीख. पासवर्ड तिथे लिहू नका. ईमेल-फोनचा रकाना अनेकांना फालतू वाटतो, पण अडतं तिथेच. परदेशात गेलेल्या माणसाच्या खात्याला भारतातला जुना नंबर जोडलेला असतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरात नसेल आणि त्यात शिल्लकही नसेल तर ते बंद होतं, मग ओटीपी येत नाही आणि खातं उघडतच नाही. लॉगिन दुरुस्त करून घ्यायला पासपोर्टची प्रत पाठवा, उत्तराची वाट पाहा, यात पंधरा दिवस जातात. परदेशी जाण्याआधी सगळीकडचा नंबर बदलून घ्या, आणि ईमेल ऑफिसचा नको, स्वतःचा असू द्या.

हालचाल कशाला म्हणतात

लॉगिन करणं ही हालचाल नाही. पत्ता बदलणं नाही, पासवर्ड बदलणं नाही, ग्राहकसेवेशी तासभर बोलणंही नाही. हे स्पष्ट लिहायचं कारण असं की ‘मी दर महिन्याला अॅप उघडून बघतो’ एवढ्यावर निश्चिंत असलेले लोक बरेच आहेत.

चालतं ते साधारण असं: पात्र विमानप्रवास, स्वतःच्या किंवा भागीदार कंपनीचा, क्रेडिट कार्डाचे किंवा हॉटेलचे पॉइंट्स वळवून आणणं, भागीदार दुकानातली खरेदी, आणि बहुतेक फिरत्या घड्याळांत पॉइंट्स खर्च करणंही. अपवाद मात्र ठळक आहेत. एव्हियांकाच्या लाइफमाइल्समध्ये साध्या सभासदाला १२ महिनेच मिळतात आणि त्यात मिळवणंच धरतात. खर्च केल्याने घड्याळ हलत नाही. क्वांटासमध्ये घरच्या माणसाकडून आलेले किंवा त्याला दिलेले पॉइंट्स हालचालीत मोजत नाहीत, त्यामुळे नवरा-बायकोने एकमेकांना हजार पॉइंट्स फिरवून काही साधत नाही.

कुटुंबाचं एकत्रित खातं असेल तर जास्तच सावध राहा. पॉइंट्स एका ठिकाणी दिसतात म्हणून घड्याळही एकच असेल असं नाही; कित्येक कार्यक्रमांत प्रत्येक सभासदाची मुदत वेगळी चालते. बाबांनी प्रवास केला म्हणून आईचे पॉइंट्स वाचले असं गृहीत धरू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय: झालेल्या प्रवासाचे पॉइंट्स मागून घेणं

पैसे खर्च करण्याआधी मागच्या सहा महिन्यांतले प्रवास आठवा. त्यातला एखादा त्या कार्यक्रमात नोंदवता येण्यासारखा होता का? एअर इंडिया जुलै २०१४पासून स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे, आणि एअर कॅनडाही त्यातच आहे. म्हणजे टोरंटोहून आलेल्या माणसाने मुंबई–दिल्ली किंवा पुणे–दिल्ली एअर इंडियाने केलं असेल, तर तो प्रवास एरोप्लानमध्ये नोंदवता येऊ शकतो आणि मूळ १८,४०० पॉइंट्सना नवे अठरा महिने मिळतात. मिळणारे पॉइंट्स कितीही थोडे असोत. अट एवढीच की तिकिटाच्या फेअर क्लासवर, म्हणजे भाड्याच्या वर्गावर, पॉइंट्स मिळत असले पाहिजेत. ई-तिकिटावर ‘क्लास’ या शब्दापुढे एक अक्षर असतं, ते भागीदारांच्या कमाई-तक्त्यात शोधा. सगळ्यात स्वस्त सेलच्या तिकिटांना पुष्कळदा शून्य असतं, आणि शून्य पॉइंट्सचा प्रवास ही हालचाल नव्हे.

मागणी करायला दोन गोष्टी लागतात: बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांक. पीएनआर नव्हे, तो सहा अक्षर-आकड्यांचा असतो. तिकीट क्रमांक तेरा आकडी, आणि पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार १५७, सिंगापूर ६१८, लुफ्थांसा २२०, ब्रिटिश एअरवेज १२५, एअर कॅनडा ०१४, क्वांटास ०८१. ट्रॅव्हल एजंटाने दिलेल्या कागदावर कधी कधी फक्त पीएनआर असतो, अशा वेळी त्याच्याकडून पूर्ण ई-तिकीट मागून घ्या. बोर्डिंग पासचा कागद काही महिन्यांत फिका पडून कोरा होतो. विमानात बसल्या बसल्या फोटो काढून ठेवलेला बरा. एक प्रवास एकाच कार्यक्रमात नोंदवता येतो. आधी दुसरीकडे पॉइंट्स गेले असतील तर मागणी फेटाळली जाईल. मागणीची मुदत कार्यक्रमागणिक वेगळी असते, सहा महिने ही बऱ्याच ठिकाणची मर्यादा आहे.

इथे नावाचा घोळ होतो, आणि तो खास आपल्याकडचा आहे. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतात. तिकिटावर मोकळी जागा गळून ते जोडून छापलं जातं: पाटील/सुनंदामाधवमिसेस. सभासद खातं मात्र घाईघाईत नुसतं ‘सुनंदा पाटील’ म्हणून उघडलेलं. यंत्राला ही दोन माणसं वाटतात आणि पॉइंट्स अडकून पडतात. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण खात्यावर माहेरचं आडनाव राहिलं, तरी हाच प्रकार. खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, आणि ते प्रवासाआधी. दुरुस्तीला पासपोर्टची प्रत लागते, आडनाव बदललं असेल तर विवाहाचा दाखलाही मागतात.

घाईत दुसऱ्यांदा सभासद झालेल्यांची दोन खाती असतात: एकात जुनी शिल्लक, दुसऱ्यात नवे प्रवास. जुन्याचं घड्याळ कुणी हलवत नाही. मुदत संपायच्या आत दोन्ही एकत्र करायला सांगा. बाद झाल्यावर एकत्र करण्यासारखं काही उरत नाही.

खर्च करूनच वाचवायचं असेल तर

भारतात राहणाऱ्यांसाठी पुढचा मार्ग क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स. अमेरिकन एक्स्प्रेस, एचडीएफसी, अॅक्सिस यांच्या काही कार्डांचे पॉइंट्स एअरलाइनकडे वळवता येतात. किमान किती वळवावे लागतात आणि कुठल्या दराने, हे कार्डागणिक वेगळं आहे आणि बँका ते वारंवार बदलतात, म्हणून वळवायच्या दिवशी पडद्यावर दिसणारा दरच खरा. दोन नियम मात्र पक्के समजा. वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. आणि किमान जेवढे लागतात तेवढेच वळवा. घड्याळाला हजारही पुरतात, पन्नास हजारांची गरज नसते. पहिल्यांदा खातं जोडताना बँक नाव ताडून पाहते, तिथेही वरचाच सुनंदामाधवचा घोळ आडवा येतो.

हॉटेलवाल्यांत मॅरियट बॉनव्हॉयचे पॉइंट्स बहुतेक एअरलाइन्सकडे ३ला १ या दराने जातात, किमान ३,००० घालून १,००० मिळतात. सौदा म्हणून हा वाईटच आहे. पण चाळीस हजार पॉइंट्सचं खातं वाचत असेल तर वाईट सौदाही परवडतो.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरांना सोपा मार्ग म्हणजे तिथली रोजची खरेदी. सिडनी-मेलबर्नमध्ये वूलवर्थ्सच्या एव्हरीडे रिवॉर्ड्सचे २,००० पॉइंट्स म्हणजे क्वांटासचे १,०००. किराण्यातून घड्याळ आपोआप फिरत राहतं, फक्त सेटिंगमध्ये क्वांटास निवडलेलं हवं. अमेरिकेत अॅडव्हांटेजचं शॉपिंग पोर्टल, कॅनडात एरोप्लानचं ई-स्टोअर. पोर्टलवर खरेदी करताना दुकानाच्या साइटवर पोर्टलमधूनच जा, अॅड-ब्लॉकर बंद ठेवा, कार्ट आधीच भरून ठेवू नका, आणि बाहेरून मिळालेला कूपन कोड घालू नका. या चारपैकी एकही गोष्ट चुकली तर खरेदी होते पण पॉइंट्सची नोंद होत नाही, आणि ते कळेपर्यंत दोन महिने गेलेले असतात. पेनांचा संच, मोजे, फुलं असं स्वस्तातलं काहीतरी पुरे. गिफ्ट कार्डवर मात्र बहुधा पॉइंट्स मिळत नाहीत.

आई-बाबांच्या खात्यासाठी हे करताना पोर्टलवर लॉगिन त्यांचं वापरायचं. कार्ड कुणाचं आहे याने बहुतेक ठिकाणी फरक पडत नाही.

शेवटचा मार्ग पॉइंट्स विकत घेणं. महाग, पण सर्वांत जलद, आणि शेवटच्या पंधरवड्यात हाच उरतो. विकत घेतलेले पॉइंट्स हालचालीत धरतात का हे आधी नियमांत बघा. ब्रिटिश एअरवेजसारख्या ठिकाणी धरतात. सगळ्यात लहान पॅक घ्या. भारतीय कार्डाने परदेशी चलनात पैसे भरताना साधारण साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०० डॉलरवर ४ डॉलर १३ सेंट वर. ‘रुपयांत भरायचे का?’ असं साइटने विचारलं तर नको म्हणा, तो दर आणखी वाईट असतो. व्यवहार फेटाळला गेला तर आधी बँकेचं अॅप उघडून कार्डाचा परदेशी वापर सुरू आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२०पासून नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो. रात्री पावणेबाराला हे कळून उपयोग नाही.

ठोक मुदतीत काय करता येतं

क्रिसफ्लायर, स्कायवर्ड्स यांसारख्या ठिकाणी वरचं सगळं निरुपयोगी. तिथे चालतात त्या तीनच गोष्टी.

पहिली, आणि सर्वांत चांगली: मुदतीच्या आत तिकीट काढा. प्रवास मुदतीच्या आत असायची गरज नाही, आरक्षण असलं की पुरे. कंपन्या साधारण अकरा महिने पुढचं आरक्षण देतात, म्हणजे एप्रिलअखेर जाणाऱ्या माइल्समधून पुढच्या होळीचं तिकीट निघू शकतं. स्वतःला जायचं नसेल तर घरच्यांसाठी काढा. क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी पाचपर्यंत नावं नोंदवता येतात. जुने माइल्स आधी वापरले जातात, त्यामुळे निवड तुम्हाला करावी लागत नाही.

यात एक सापळा आहे. असं तिकीट नंतर रद्द केलं तर माइल्स मूळ तारखेसकट परत येतात. तारीख उलटली असेल तर ते परत येतच नाहीत, वर रद्द करण्याचं शुल्क असतंच. ‘काहीतरी काढून ठेवू, मग रद्द करू’ ही युक्ती फिरत्या घड्याळात एखाद वेळी चालते. ठोक घड्याळात तिच्यामुळे नुकसान दुप्पट होतं. ज्या तारखांना खरोखर जाणार त्याच तारखांचं तिकीट काढा.

दुसरी, शुल्क भरून मुदतवाढ. क्रिसफ्लायरच्या साध्या सभासदाला सहा महिने मिळतात, दर १०,००० माइल्समागे १२ अमेरिकी डॉलर किंवा १,२०० माइल्स. पूर्ण गठ्ठेच मोजतात: २३,००० माइल्स म्हणजे तीन गठ्ठे, ३६ डॉलर किंवा ३,६०० माइल्स. डॉलर परवडत असतील तर डॉलरच द्या. माइल्समधून भरलं तर सहा महिन्यांसाठी जवळजवळ सोळा टक्के ठेव गेली. ही मागणी मुदत संपण्याआधी करावी लागते. एमिरेट्स आणि टर्किशकडेही पैसे भरून वाढवायची सोय आहे, पण बरीच महाग. जवळच्या तारखेचा प्रवास ठरलेला असेल तरच तिचा विचार करा.

तिसरी गोष्ट आधीच करायची. ठोक मुदतीच्या कार्यक्रमात बँकेचे पॉइंट्स साठवण म्हणून टाकू नका. ते बँकेकडे असू देत, तिकीट दिसलं की तेवढेच वळवा. वळवलेल्या दिवसापासून त्यांचं घड्याळ सुरू होतं आणि ते थांबवता येत नाही.

कधी घड्याळ राहतं आणि कंपनीच जाते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली. तिच्या जेपी-माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीचा होता, तो त्याच वर्षी इंटरमाइल्स झाला, पण ज्या विमानासाठी माइल्स जमवले ते राहिलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट्स एकास एक वळवले गेले. तिथे अडले ते दोन्हीकडची नावं आणि ईमेल जुळत नसलेले. विलीनीकरणाची बातमी आली की त्याच आठवड्यात शिल्लकेचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

सोडून द्यायचे कधी

प्रत्येक शिल्लक वाचवण्यालायक नसते. हिशेब सोपा आहे. तुम्ही खरोखर घेणार असं एक तिकीट धरा. रोखीने ६,००० रुपये. पॉइंट्सने ८,००० पॉइंट्स अधिक ८०० रुपये कर. ६,००० वजा ८०० म्हणजे ५,२००, भागिले ८,०००: एक पॉइंट ६५ पैशांचा. तुमच्याकडे १,९०० पॉइंट्स असतील तर ते १,२३५ रुपयांचे, आणि तेसुद्धा उरलेले ६,१०० कधीतरी जमले तर. त्यासाठी दीड-दोन हजारांचे पॉइंट्स विकत घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. १,९०० जाऊ द्या.

तिकिटाऐवजी घरगुती वस्तू, व्हाउचर, मासिकाची वर्गणी यांत पॉइंट्सचा भाव पडतो, बरेचदा निम्म्याहून खाली. तरी पूर्ण बाद होण्यापेक्षा मिक्सरचं व्हाउचर बरं. फिरत्या घड्याळात थोडे पॉइंट्स खर्चून उरलेले वाचवायचे असतील तर हा स्वस्त मार्गही आहे, खर्च हालचालीत धरत असतील तर.

गेल्यावर

पहिल्या काही आठवड्यांत हालचाल करा. काही कार्यक्रम शुल्क घेऊन पॉइंट्स परत देतात, काही ‘अमुक पॉइंट्स मिळवा, मग जुने परत करू’ अशी अट घालतात, काही नाही म्हणतात. मेलमध्ये पाल्हाळ नको: सभासद क्रमांक, किती पॉइंट्स, कुठल्या तारखेला गेले, आणि परत मिळण्याची सोय आहे का हा एकच प्रश्न. आजारपण किंवा घरातला मृत्यू असं कारण असेल तर कागद जोडा. मुदतीआधी केलेला प्रवास किंवा खरेदी नोंदवायची राहिली होती, असं दाखवता आलं तर तो सगळ्यात भक्कम मुद्दा. तिथे विनंती करावी लागत नाही, दुरुस्ती मागता येते. रागाने ‘हे माझे पैसे आहेत’ असं लिहून काही होत नाही. जवळपास प्रत्येक नियमावलीत पॉइंट्स कंपनीच्या मालकीचे असल्याचं कलम असतं.

‘तुमचे ९,८५० पॉइंट्स आज रात्री बाद होणार, लगेच इथे दाबा’ असा एसएमएस किंवा व्हॉट्सअॅप संदेश आला तर दाबू नका. बँका आणि एअरलाइन्स दोघांच्या नावाने ही फसवणूक चालते. लिंकवर कार्ड क्रमांक आणि ओटीपी मागतात किंवा अॅपची फाइल डाउनलोड करायला लावतात. पॉइंट्स वाचवायला कार्डाचा ओटीपी कुणाला सांगावा लागत नाही. तारीख खरी आहे का हे आपल्या वहीतल्या रकान्यात आणि स्वतः उघडलेल्या अॅपमध्ये बघा. माहिती देऊन बसला असाल तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.